डर्ट बाईक पिकअपमधून न्यायची तर पट्ट्यांकडे लक्ष द्या, बाकी सगळं सोपंय

नाशकात डर्ट बाईकचं वेड काही आजचं नाही, रॅली ऑफ महाराष्ट्र बघत मोठी झालेली पोरं आता स्वतः हिरोची एक्सपल्स नाहीतर कावासाकीची केएलएक्स घेऊन बसलीयेत. बाईक आली की दुसऱ्याच रविवारी प्रश्न येतो, न्यायची कशी. केएक्ससारखी स्पर्धेची बाईक असेल तर तिला नंबरच मिळत नाही, त्यामुळे रस्त्यावर चालवायचा विषयच संपला. एक्सपल्स चालवत नेता येते, पण नॉबी, म्हणजे मोठ्या गुट्ट्यांचे टायर हायवेच्या डांबरावर घासून संपवायचे आणि दिवसभर आपटून लिव्हर मोडलेल्या बाईकवर रात्री घोटीपासून परत यायचं, हे ज्याला झेपतं त्याने खुशाल करावं. समृद्धीवरून जायचं असेल तर तसाही पर्याय नाही, तिथे दुचाकी चालवायला बंदी आहे, हौद्यात चढवलेली बाईक मात्र सामान. तर पिकअप करा.

आधी हिच कॅरिअरचं, म्हणजे गाडीच्या मागच्या ओढायच्या हुकाच्या जागी बसणाऱ्या बाईकच्या कॅरिअरचं संपवतो, कारण ते विचारणारे फार झालेत. अमेरिकेतले व्हिडिओ बघायचे, एसयूव्हीच्या मागे लोखंडी चॅनेल लावायचं आणि त्यावर बाईक आडवी उभी करायची, दिसायला एकदम भारी. जरा हिशोब करा. थारची रुंदी १.८२ मीटर, मोठ्या डर्ट बाईकची लांबी २.१ ते २.२ मीटर, म्हणजे दोन्ही बाजूंनी जवळपास वीतभर चाक बाहेर. पाथर्डी फाट्यावर डावीकडून घुसणाऱ्या स्कूटरवाल्याला ते चाक गुडघ्याला लागल्यावरच कळणार. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात मर्यादेबाहेर आलेल्या सामानाला २०,००० रुपये दंड आहे, वर ते सामान तिथेच उतरवायचा खर्चही तुमचाच. तिकडच्या ट्रकांना चॅसीला धरून बसवलेला दोन इंची रिसीव्हर, म्हणजे कॅरिअर खोचायची चौकोनी नळी असते, त्यावर उभा, म्हणजे वरून दाबणारा भार दोनशे किलोच्या आसपासही चालतो. आपल्याकडे गॅरेजवाला जो हुक मारून देतो तो फारतर ओढायच्या कामाचा, त्यावर उभा भार किती चालेल हे विचारलं तर तो "काही नाही होत भाऊ" एवढंच सांगतो. बाईक ११० ते १६० किलो, कॅरिअरचे स्वतःचे ३०-४०, आणि हे सगळं मागच्या ॲक्सलच्या मीटरभर मागे लटकणार, प्रत्येक स्पीडब्रेकरला उचकणार. नंबर प्लेट झाकली, टेललाईट झाकले, आणि गाडीचा सायलेन्सर नेमका बाईकच्या टायरवर फुंकत असेल तर टायर भाजून निघतो ते वेगळंच. पोराची ६० किलोच्या आसपासची केएक्स ६५ आहे आणि हिचचा भार कागदावर लिहून मिळालाय, तर ठीक, विचार करा. बाकी कोणी नाद करू नका.

गाडी

छोटा हत्ती स्वस्त पडतो, पण त्याचा हौदा २.२ मीटर लांब, म्हणजे बाईक तिरकी ठेवावी लागते आणि तिरकी बाईक नीट बांधली जात नाही. बोलेरो पिकअपच करा. ठरवताना फोनवरच सांगा की हौदा धुवून आण, कारण टोमॅटोच्या सिझनला ही गाडी सकाळी पिंपळगावला माल टाकून येते आणि तळाला जो रस सांडलेला असतो त्यावर टायर साबणावर ठेवल्यासारखा सरकतो.

चढवणं

फळी आठ फुटाची घ्या, गाडी उंचवट्याला किंवा रस्त्याच्या बांधाला उलटी लावा म्हणजे चढ कमी होतो, इंजिन बंद, एक जण हँडलला एक जण मागून, ढकला. फळीला खालून हुक नसेल तर ती फाळक्याला, म्हणजे हौद्याच्या कडेच्या पत्र्याला, दोरीने बांधा. बाईक चालू करून ॲक्सिलरेटरवर हौद्यात चढवणारे हिरो पुष्कळ आहेत, त्यांना चढवू द्या, तुम्ही लांब उभे राहा.

बांधणं

आता मुद्द्याचं. याच टप्प्याने मला सगळ्यात जास्त रडवलंय आणि याच टप्प्यावर सगळ्यात जास्त चुकीचे सल्ले मिळतात. पिकअपवाले दादा हमखास म्हणणार, "भाऊ, रोज क्रेट नेतो मी, ही एक बाईक काय." त्यांची गाठ जबरदस्त असते, दोरीचा फास करून त्यातून ओढून अशी आवळतात की आपल्याला सुटता सुटत नाही, त्याबद्दल वादच नाही. पण क्रेटला शॉकअप नसतात. बाईकला आहेत. क्रेट एकदा आवळला की आवळला, बाईक मात्र प्रत्येक खड्ड्याला खाली बसते आणि वर येते, आणि ज्या क्षणी ती खाली बसते त्या क्षणी दोरी ढिली पडते. कसारा घाट उतरताना ब्रेक लागला की बाईकचं वजन पुढे जातं, पुढचे शॉकअप दबतात, पट्टा लोंबतो, उघडा हुक कड्यातून निसटतो, आणि पुढच्या वळणाला बाईक आडवी. दादा खोटं बोलत नसतात, त्यांनी आवळलेलं घट्टच होतं, फक्त ते गाडी उभी असताना घट्ट होतं.

म्हणून पुढचे शॉकअप आधीच दाबून बांधायचे. किती? पूर्ण नाही. एकूण हालचालीच्या एक तृतीयांश ते फारतर अर्धे. एक्सपल्स २०० च्या साध्या मॉडेलला पुढे १९० मिलीमीटर हालचाल आहे, म्हणजे ६०-७० मिलीमीटर आरामात दाबा, जरा जास्त झालं तरी चालेल. शॉकअप तळाला टेकवून आवळणारेही भेटतात, त्यात खड्ड्याचा सगळा दणका थेट पट्ट्यावर, हुकावर आणि हौद्याच्या पत्र्यावर जातो, आणि ऑईल सीलवर उगाच ताण येतो तो वेगळा. काही जण पुढचं चाक आणि मडगार्डच्या मध्ये लाकडी ठोकळा घालतात म्हणजे जास्त दबत नाही. कल्पना वाईट नाही, पण ठोकळा चाकाला बांधून ठेवणार असाल तरच घाला, कारण तो वाटेत पडला की जेवढी त्याची उंची तेवढी ढील एका झटक्यात मिळाली.

पट्टा कशाला अडकवायचा हे त्याहून महत्त्वाचं. हँडलच्या टोकाला, ग्रिपजवळ, अजिबात नाही. तिथे तरफ लांब पडते, हँडल क्लॅम्पमध्ये फिरतं किंवा वाकतं, क्लचची केबल आणि ब्रेकचा होस पट्ट्याखाली चेमटतो. खालची टी, म्हणजे दोन्ही शॉकअप जिच्यात पकडलेले असतात ती, तिला दोन्ही बाजूंनी सॉफ्ट लूप, म्हणजे कापडी पट्टीचे फास घाला आणि पट्ट्याचा हुक त्या लूपमध्ये. लूप नसेल तर जाड पट्टा दुहेरी करून फास टाका, धातूचा हुक थेट टीवर किंवा रंगावर नको. घालताना मध्ये कुठली वायर किंवा होस आलाय का ते हात फिरवून बघा, नजरेवर जाऊ नका.

पट्टे रॅचेटचे, म्हणजे दांडी मागेपुढे करून आवळायचे, पॉलिस्टरचे, २५ मिलीमीटरचे, चार. नायलॉनची दोरी भिजली की ताणते, आणि आपल्याकडे जूनपासून इगतपुरीकडे जाणार म्हणजे भिजणारच. आडगावच्या ट्रक टर्मिनलकडे ट्रकवाल्यांच्या दुकानात ५० मिलीमीटरचे पाच टनी पट्टे मिळतात, ते बघून लोक खूश होतात, पण ते ट्रकमधल्या मालासाठी आहेत, त्यांचा रॅचेट एवढा दांडगा की दोन झटक्यात शॉकअप तळाला जातात आणि कळतही नाही. हुक झाकणीवाले घ्या, ज्याला स्प्रिंगची पत्ती असते. उघडेच मिळाले तर तोंडावर जुन्या ट्यूबची रिंग किंवा टेप गुंडाळा. मी एवढं एकच ऐकायला सांगतो बाकी नाही ऐकलं तरी चालेल: उघडा हुक तसाच लावून निघू नका.

आता हौद्याची गंमत. बोलेरोला दोरी बांधायचे हुक बाहेरच्या बाजूने, पत्र्याच्या खाली असतात. म्हणजे पट्टा टीपासून निघून बाजूच्या फाळक्याच्या कडेवरून बाहेर जाऊन खाली. यात दोन घोटाळे. एक, फाळक्याची पत्र्याची कड धारदार असते आणि पट्टा तिच्यावर घासत राहतो, घोटीच्या टोलनाक्यापर्यंत धागे निघालेले दिसतात, तिथे जुन्या टायरचा किंवा ट्यूबचा तुकडा घालाच. दुसरं म्हणजे फाळका उंच असल्यामुळे पट्टा खाली ओढण्याऐवजी बाजूला ओढतो, आणि बाजूला ओढून शॉकअप दबत नाहीत, तुम्ही रॅचेट करत बसता आणि बाईक फक्त डावी-उजवी होते. त्यामुळे पुढच्या पट्ट्यांसाठी बाहेरचे हुक न वापरता केबिनच्या मागच्या जाळीच्या पाईपचं बूड शोधा, जिथे तो तळाला वेल्ड केलेला असतो, दोन्ही कोपऱ्यांत. तिथून पट्टा वर टीकडे साधारण ४५ अंशात येतो, खालीही ओढतो पुढेही ओढतो, हवं ते नेमकं मिळतं. स्वतःची पिकअप असेल तर तळाला चार डी-रिंग मारून घ्या, सातपूर-अंबडमध्ये कुठलाही फॅब्रिकेटर तासाभराचं काम म्हणून करून देईल.

आता क्रम. पुढचं चाक केबिनच्या जाळीला टेकवा, सरळ, हँडल वळलेलं नको. मध्ये रबर किंवा पोतं घाला. साईड स्टँड वर. हो, वर. बाईक स्टँडवर ठेवून आवळायची हा सल्ला देणाऱ्याला विचारा की त्याचा स्टँड आता कुठल्या कोनात आहे, कारण खाली ओढणारा सगळा ताण त्या एका पायावर जातो आणि फ्रेमवरचा त्याचा ब्रॅकेट वाकतो. मग एकाने बाईक उभी धरायची, डावा पट्टा हलका, उजवा पट्टा हलका. आधी ढील हाताने ओढून काढा आणि मगच रॅचेट मारा, नाहीतर रॅचेटच्या रोलरवर एवढा पट्टा गुंडाळला जातो की तो जाम होतो आणि रात्री अंधारात सुटत नाही. रोलरवर दोन-अडीच वेढे बसले की पुरे, त्याहून कमी असतील तर सटकतो. मग ज्याचं वजन जास्त त्याने हँडलवर छाती टाकून शॉकअप दाबायचे आणि दुसऱ्याने डावीकडे दोन खाचा, उजवीकडे दोन खाचा, परत डावीकडे, असं आळीपाळीने आवळायचं. एक बाजू पूर्ण आवळून मग दुसरी घेतली की बाईक कललेली राहते आणि ती कलती राहिली की एकच पट्टा सगळा भार ओढतो. समोरून बघा, सरळ दिसली पाहिजे.

मागचे दोन पट्टे लोक सोडूनच देतात, "पुढून बांधलीय ना" म्हणून. मागचं चाक प्रत्येक स्पीडब्रेकरला उडतं आणि उडता उडता बाजूला सरकत जातं, त्र्यंबक रोडला तर विचारूच नका. स्विंगआर्मला किंवा फूटपेगच्या ब्रॅकेटला लूप घालून दोन्ही पट्टे मागे आणि बाहेर ओढा, इथे मात्र बाहेरचे हुक चालतात. फार आवळायचं नाही, चाक जागेवर राहील एवढंच. सायलेन्सरला, ब्रेक डिस्कला, स्पोकला आणि प्लास्टिकच्या कुठल्याही भागाला पट्टा लागता कामा नये, गरम सायलेन्सरवर पॉलिस्टर वितळतं. गिअर पहिला टाका, पण तो चाक फिरू नये एवढ्यापुरता, त्याच्या भरवशावर बाईक उभी राहत नाही. कार्ब्युरेटरवाली बाईक असेल तर पेट्रोलचा कॉक बंद.

सगळ्या पट्ट्यांची उरलेली शेपटं गाठ मारून खोचा, मोकळं शेपूट वाऱ्याने फडफडतं, घासतं आणि कधी खाली लोंबून चाकात जातं. शेवटी सीट धरून बाईक जोरात हलवा. बाईक हलली तर परत आवळा. बाईकबरोबर पूर्ण पिकअप डुलली तर झालं.

आणि हो, मागे हौद्यात बाईक धरायला पोरगं बसवायचं नाही. मालवाहू गाडीत मागे माणसं बसवणं कायद्यात बसत नाही हा एक भाग, पण दीडशे किलोची बाईक पडायला लागली तर ते पोरगं ती धरणार कशी, तिच्याखाली येणार.

रस्त्यात

निघाल्यावर पहिल्या दहा-पंधरा किलोमीटरला थांबून पट्टे बघा, कारण नवीन लूप आणि पट्टे बसतात आणि ढील येते. मुंबईकडे असाल तर विल्होळी ओलांडल्यावर बाजूला घ्या, चांदवडकडे असाल तर आडगाव ओलांडल्यावर. घाटाच्या आधी परत एकदा. ड्रायव्हर दादा कुरकुर करतील, त्यांना आधीच चहा पाजून ठेवा. बाईकचं आरसी आणि विमा सोबत ठेवा, बिननंबरची असेल तर खरेदीचं बिल, पोलिसांनी विचारलं तर वेळ वाचतो.

उतरवणं

आधी मागचे पट्टे सोडा, पुढचे शेवटी. पुढचे सोडताना एकाने हँडल दोन्ही हातांनी धरलेलं असलं पाहिजे, आणि पुढच्या ब्रेकवर बोट. शॉकअप दाबलेले असतात, रॅचेट उघडला की बाईक झटक्यात वर येते आणि ज्या बाजूचा पट्टा अजून बांधलेला आहे त्या बाजूला कलते, म्हणून धरणाऱ्याने त्याच बाजूला उभं राहायचं आणि उघडणाऱ्याने रॅचेटवर तोंड झुकवायचं नाही. फळीवरून उतरवताना मागचं चाक आधी, ब्रेक सोडत-दाबत, घाई नाही.

पट्टे घरी आल्यावर वाळवून, चिखल झटकून ठेवा आणि वर्षातून एकदा रॅचेटच्या दातांना थोडं तेल सोडा. ओले डिकीत कोंबून ठेवले की गंज चढतो आणि पुढच्या वेळी पक्कड घेऊन बसावं लागतं. धागे निघालेला पट्टा गाठ मारून परत वापरू नका, तो बागेतल्या पाईपला वगैरे बांधा.