मिसळणाच्या डब्यातले सात रंग: ग्लायडर क्लबची हंगामाआधीची तयारी

आईने लग्नात दिलेला स्टीलचा मोठा मिसळणाचा डबा सध्या आमच्या क्लबच्या स्टार्टच्या, म्हणजे उड्डाण सुरू होतं तिथल्या, गाडीत असतो. तिला हे अजून सांगितलेलं नाही. सात वाट्यांत हळद-मोहरीऐवजी ग्लायडर ओढायच्या दोराला लावायच्या धातूच्या पट्ट्या उभ्या आहेत. काळी, तपकिरी, लाल, निळी, पांढरी, पिवळी आणि हिरवी अशी रंगवार वाटणी. झाकण बसत नाही, पण अंधूक उजेडातसुद्धा चुकीच्या रंगाची पट्टी हाती येत नाही.

मी मूळची हडपसरची. तिथल्या ग्लायडिंग सेंटरच्या कुंपणापाशी सायकल टेकवून दोराने वर चढणारं ग्लायडर बघायचे. प्रत्यक्ष उडायला लागले ती मात्र जर्मनीत, स्वाबियन आल्बच्या पठारावरच्या एका छोट्या क्लबात. आज तिथलं वर्कशॉप माझ्याकडे आहे. पुण्या-मुंबईचे मित्र विचारतात, असा क्लब चालतो कसा, पैसा किती लागतो? पैसा लागतोच, पण क्लब चालतो तो सभासदांच्या तासांवर, आणि त्यातले बरेचसे हिवाळ्यातले. म्हणून नोव्हेंबरपासूनच सांगते.

आधी ज्यांना नवं आहे त्यांच्यासाठी. ग्लायडरला इंजिन नसतं. मैदानाच्या एका टोकाला विंच, दुसऱ्या टोकाला ग्लायडर आणि मधे किलोमीटरभर दोर. विंच दोर गुंडाळायला लागला की तीन-चार सेकंदांत ग्लायडर ताशी शंभरच्या वेगाला जातं आणि पतंगासारखं वर चढतं. पाऊण मिनिटात साधारण चारशे मीटर. तिथे दोर सोडायचा आणि पुढचं ऊन, ढग आणि आपलं डोकं यांच्यावर. या दोराच्या टोकाला असते ती वीक लिंक, म्हणजे ठरलेल्या ताणाला मुद्दाम तुटणारी पट्टी. विमानाचे पंख तुटण्याआधी ही तुटली पाहिजे. काळी तुटते साधारण एक टनाच्या ओढीला, पांढरी त्याच्या निम्म्यावर. कोणत्या विमानाला कोणता रंग, ते त्याच्या हँडबुकात छापलेलं असतं. आमच्या दोन आसनी एएसके २१ला काळी.

कामाला एक नाव

एका एप्रिलच्या रविवारी आमची पंधरा माणसं रांगेत होती. उत्तरेचा गार वारा, दहा वाजताच कापसाचे ढग. आमचं एक आसनी ग्लायडर, एलएस४, दीडशे मीटरवर गेलं आणि पट्टी तुटली. वैमानिकाने नाक खाली केलं, वेग घेतला, सरळ पुढे उतरला. आम्ही दुसरी पट्टी लावली. तीही तुटली. मग चौकशी झाली. या पट्ट्या २०० स्टार्टनंतर बदलायच्या असतात, कारण धातू थकतो. आदल्या हंगामात मोजणारा सभासद ऑगस्टमध्ये दुसऱ्या गावी राहायला गेला आणि मोजणी थांबली. त्यावर कडी म्हणजे काढलेल्या जुन्या पट्ट्या कुणीतरी ‘असू देत’ म्हणून नव्यांच्याच पत्र्याच्या डब्यात टाकलेल्या. दुसऱ्या वेळी लावलेली त्यातलीच असणार. आम्ही दोन तास बसून राहिलो आणि शेजारच्या क्लबची विमानं आमच्या डोक्यावर घिरट्या घालत होती.

तेव्हापासून आमच्याकडे ‘सगळे मिळून बघू’ हे वाक्य बंद आहे. नोव्हेंबरच्या पहिल्या बैठकीत फळ्यावर कामं लिहितो आणि प्रत्येकापुढे एकच नाव. दोन नावं लिहिली की दोघंही एकमेकांची वाट बघतात. मदतीला कितीही घ्या, पण विचारणार एकालाच. आमच्याकडे सभासदाला वर्षाला ६० तास काम आहे आणि न केलेल्या तासाचे पैसे भरावे लागतात. माझं मत असं, की हा दर चांगला झोंबेल इतका ठेवावा. स्वस्त ठेवला तर डॉक्टर-वकील मंडळी खुशाल पैसे भरतात आणि सॅंडपेपर मारायला तीच चार पोरं उरतात.

वर्गणीबद्दलही एक सांगते. विमा, हँगर, वार्षिक तपासणी हे खर्च तुम्ही उडा न उडा, ठरलेलेच. ते वार्षिक वर्गणीत घाला आणि स्टार्टचा दर कमी ठेवा. दर स्टार्टला खिसा हलका व्हायला लागला की माणसं सरावाच्या छोट्या फेऱ्या टाळतात, आणि सराव टाळलेला वैमानिक क्लबला सगळ्यात महाग पडतो.

वर्कशॉपमधले महिने

बुधवारी संध्याकाळी सात ते दहा. हीटर मात्र पाचला लावायचा, कारण वीस अंशांखाली इपॉक्सी, म्हणजे दुरुस्तीचं राळेचं मिश्रण, नीट घट्ट होत नाही. हे काम माझ्याच नावावर आहे.

दोर पकडणारे हूक सर्वांत आधी काढा. २,००० स्टार्ट झाले की ते कारखान्यात पाठवावे लागतात, आणि एएसके २१ला दोन असतात, एक नाकात, एक पोटाखाली. दोघांचे आकडे वेगळे लिहा. नोव्हेंबरात पाठवलात तर नाताळाच्या आसपास परत येतात. फेब्रुवारीत सगळ्याच क्लबांना जाग आलेली असते.

मग बॅटऱ्या. व्होल्टमीटर लावून ‘बारा पॉइंट आठ, छान’ म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. थकलेली बॅटरीही चार्जरवरून काढल्या काढल्या छान दिसते. सात अँपिअर-तासांच्या बॅटरीला अर्ध्या अँपिअरचा दिवा लावा आणि घड्याळ बघा. कागदावर चौदा तास यायला हवेत. आठच्या आत दम टाकला तर ती रिसायकलिंगला. कारण ती आठ तासांवर नाही, मे महिन्यात घरापासून दोनशे किलोमीटरवर, बाकीची यंत्रं चालू असताना बंद पडते आणि तिच्याबरोबर रेडिओ आणि फ्लार्मही जातात. फ्लार्म म्हणजे आसपासच्या ग्लायडरांची चाहूल देणारं यंत्र. त्याचं सॉफ्टवेअर याच महिन्यांत अद्ययावत करा. पॅराशूटच्या घडीची तारीख त्याच्या कार्डावर असते, तीही बघून टाका.

आता जरा थांबून सांगण्यासारखं. आमचं एलएस४ जुनं आहे. पंख जोडल्यावर एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची, विमान कलवणारी झडप) आणि एअरब्रेक (पंखातून वर येऊन विमान लवकर खाली आणणारी फळी) यांचे दांडे हाताने जोडावे लागतात. या जोडाला हॉटेलिए म्हणतात. एका बाजूला पोलादी गोळी, दुसऱ्या बाजूला तिच्यावर बसणारी टोपी आणि टोपीत एक छोटी पाचर. पाचर बाहेर आली की तिच्या भोकात सेफ्टी पिन घालायची. चौदा वर्षांच्या पोरांना (इथे चौदाव्या वर्षी एकट्याने उडता येतं) मी हे असं शिकवते: जुनं ग्रीस रॉकेलच्या फडक्याने पूर्ण पुसा, मग गोळीवरून नख फिरवा. नख कुठे अडकलं तर मला हाक मारा. गोळी बोटांत धरून फिरवली की गुळगुळीत लागली पाहिजे आणि गोल दिसली पाहिजे. झिजलेली गोळी दिव्याखाली धरली की चमक एकाच बाजूला लांबट दिसते. टोपी बसवल्यावर तिला जोरात ओढायचं, पिन घालायच्या आधी. पिन ही पाचरीला राखण आहे, न बसलेल्या टोपीला तिचा उपयोग नाही.

आणि जोडणी झाल्यावर एकाने बाहेर एलेरॉन दोन्ही तळव्यांत घट्ट धरायचा, दुसऱ्याने आत बसून स्टिक, म्हणजे वैमानिकाचा दांडा, त्याच्याविरुद्ध दाबायची. नुसतं ‘हलतंय, हलतंय’ पुरत नाही. न जोडलेला दांडाही कधी कधी टेकून राहतो आणि भार नसताना पृष्ठभाग हलवतो. जोर लावला की खरं कळतं. हा खेळ रोज सकाळी, प्रत्येक जोडणीनंतर, कितीही घाई असो.

उंदरांबद्दल दोन शब्द. ट्रेलरमध्ये, म्हणजे पंख काढलेलं ग्लायडर ठेवायच्या आणि गाडीमागे ओढायच्या लांब डब्यात, राहिलेलं बिस्किटाचं पाकीट हिवाळ्यात तुम्हाला आसनाच्या गादीएवढं महाग पडू शकतं. विंचच्या वायरिंगमध्येही ते घर करतात.

फेब्रुवारी-मार्च: दोर, ट्रेलर, माणसं

आमचा दोर प्लॅस्टिकच्या धाग्यांचा आहे, पूर्वी पोलादी होता. पोलादी दोराचे तुटलेले तंतू हातमोजे फाडून आत शिरायचे, ते गेलं. पण हा दोर उन्हाने आणि खडीवर घासून झिजतो. कोरड्या दिवशी तो पूर्ण मैदानावर पसरायचा आणि दोघांनी दोन्ही टोकांकडून चालत यायचं, दोर सैल मुठीतून सरकवत. लव आली तर चालतं. चपटा झाला, कडक झाला किंवा काचेसारखा चमकायला लागला तर तो घर्षणाने तापून वितळलाय. तेवढा तुकडा कापायचा आणि दोन टोकं एकमेकांत गुंफून पुन्हा जोडायची. गाठ मारू नका, गाठीशी दोराची ताकद खूपच घटते. आमचे म्हातारे विंचमास्तर हे काम डोळे मिटून करतात, शब्दशः. म्हणतात, “डोळे उघडे असले की हात आळशी होतात.”

विंचवर एक कापणी असते, म्हणजे दोर विमानापासून सुटलाच नाही तर तो तोडायचं पातं. तिची चाचणी दोराच्या तुकड्यावर खरोखर करा. पातं आहे हे बघणं म्हणजे चाचणी नव्हे.

ट्रेलरचे टायर नक्षी बघून पास करू नका. ग्लायडरचा ट्रेलर वर्षात मोजकेच किलोमीटर फिरतो, नक्षी नवीकोरीच राहते आणि रबर मात्र उभ्या उभ्या म्हातारं होतं. बाजूला चार आकडी खूण असते. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. जर्मनीत ट्रेलर ताशी शंभरने ओढायचा परवाना हवा तर टायर सहा वर्षांच्या आतला लागतो. शेतात उतरलेल्या मित्राला रात्री आणायला निघाल्यावर टायर फुटणं हा अनुभव एकदा घेतलाय, तेवढा पुरे.

माणसांची तपासणी जास्त नाजूक. मार्चमध्ये मी प्रत्येकाचं लॉगबुक मागवते. युरोपच्या नियमाप्रमाणे गेल्या २४ महिन्यांत किमान ५ तास, १५ स्टार्ट आणि प्रशिक्षकाबरोबर २ फेऱ्या हव्यात. कुणाला पाहुणा बसवायचा असेल तर गेल्या ९० दिवसांत ३ स्टार्ट. हिवाळ्यानंतर या शेवटच्या अटीत जवळजवळ कुणीच बसत नाही, आणि पहिल्याच रविवारी मेहुण्याला घेऊन येणारे दोघं तरी असतातच. त्यांना आधीच फोन करा.

मग वजनकाटा. पॅराशूट पाठीवर बांधून उभं राहायचं. कॉकपिटमधल्या पाटीवर कमीत कमी आणि जास्तीत जास्त वजन लिहिलेलं असतं. नाताळची बिस्किटं एखाद्याला वरची रेघ ओलांडून देतात, आणि बारीक पोरींना खालची गाठायला शिशाचं वजन लागतं. दोन्हीकडे लाज वाटून घ्यायचं कारण नाही. आकडे दारामागे लावायचे नाहीत, वहीत ठेवायचे.

पहिला रविवार

पहिला दिवस लांब उड्डाणाचा नाही. आभाळ कितीही बोलावो. प्रत्येकाची एक फेरी प्रशिक्षकाबरोबर, आणि तीत प्रशिक्षकाने न सांगता दोर सोडायचा. दोर तुटल्यासारखं झालं की आधी नाक खाली, मग वेग परत येईपर्यंत थांबायचं, मगच एअरब्रेक किंवा वळण. हिवाळाभर कारच चालवलेल्या माणसाचा हात आधी एअरब्रेककडे जातो. माझा गेल्या वर्षी गेला. प्रशिक्षकाने काही न बोलता माझ्या मनगटावर टिचकी मारली.

उचल मिळणारे दिवस ओळखायला साधा हिशोब ठेवा. दुपारच्या तापमानातून दवबिंदू वजा करा आणि १२५ने गुणा, ढगांच्या तळाची उंची मीटरमध्ये मिळते. २२ आणि ८ अंश असतील तर १,७५०. थंड आघाडी, म्हणजे थंड हवेची पुढची कड, सरकून गेल्यावर मागून येणारी कोरडी गार हवा आणि वर चढता दाब असला की फोन सुरू होतात. आमच्या पठाराखाली चुनखडी आहे, पाणी निथळून जातं, जमीन लवकर तापते. त्यामुळे दरीतले क्लब अजून धुक्यात असतात तेव्हा आमच्याकडे एप्रिलमध्येच वर जाता येतं. तेवढ्यासाठी मार्चअखेर सगळं तयार हवं, मे उजाडायची वाट बघून चालत नाही.

ड्यूटीचा तक्ता फेब्रुवारीत लावा. विंचवर एक, स्टार्टला एक, प्रशिक्षक एक. अदलाबदल ज्याची त्याने करायची, समितीला फोन करायचा नाही. जे दिवसभर दुसऱ्यांना वर पाठवतात त्यांना संध्याकाळची शेवटची फेरी फुकट द्या. तेव्हा हवा लोण्यासारखी असते.

संध्याकाळी विमानं आत घेण्याआधी पंखांच्या कडेवर चिकटलेले किडे ओल्या फडक्याने पुसा. सकाळपर्यंत ते सिमेंट होतात. बॅटऱ्या काढून चार्जरवर लावा आणि ज्याच्या नावावर चार्जर आहे त्याने दिवे मोजूनच निघायचं. दिवसाचे स्टार्ट फळ्यावर चढवा, प्रत्येक दोराखाली वेगळे. दोनशेचा आकडा जवळ आला की पट्टी काढायची, हातोडीने वाकवायची आणि भंगारात टाकायची. वाकवल्याशिवाय टाकायची नाही.