लाकडी ट्रॉलरला ड्राय एक्झॉस्ट बसवताना

१ जूनला पावसाळी मासेमारी बंदी लागते आणि आमच्या रत्नागिरीकडे इंजिनांची राहिलेली कामं निघतात. ड्राय एक्झॉस्ट, म्हणजे धूर पाण्याने थंड न करता सरळ वर नेणारा पाइप, बसवणार असाल तर एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा: पूर्ण लोडवर त्यातला धूर ४०० अंशांच्या वर जातो.

तापलेलं लोखंड वाढतं. मीटरभर पाइप दर १०० अंशांना साधारण १.२ मिलिमीटर, म्हणजे तीन मीटरचा उभा पाइप तापल्यावर जवळजवळ १४ मिलिमीटर लांब होतो. त्याला वाव दिला नाही तर टर्बोचा (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा भरणारा भाग) फ्लँज, म्हणजे बोल्टने जोडायची कडा, तडकतो, नाहीतर वेल्डिंग उलतं. म्हणून टर्बोच्या तोंडालाच स्टेनलेस स्टीलचा बेलोज, म्हणजे भात्यासारखा लवचिक तुकडा, घ्या. तो सरळ बसला पाहिजे, न ताणता, न पिळता. भोकं जुळत नाहीत म्हणून पहार घालून ओढू नका. पाइप कापा आणि पुन्हा जुळवा. बेलोजच्या लगेच वर एक ब्रॅकेट पक्का करा, बाकीचे सरकते ठेवा. मग पाइप वरच्या बाजूला मोकळा वाढतो आणि सायलेन्सरचं वजन टर्बोवर येत नाही. सगळेच ब्रॅकेट आवळलेत तर बेलोज असून नसल्यासारखा.

डेकचं भोक पाइपापेक्षा बरंच मोठं पाडा. लाकडाला पत्र्याची दुहेरी कॉलर लावा, मध्ये हवेची फट ठेवा. पावसासाठी पाइपालाच एक छत्री वेल्ड करा, ती कॉलरवर उतरली पाहिजे पण टेकता कामा नये. लाकूड रोज तापून आतून कोळसा होत जातं आणि वरून रंग तसाच दिसतो.

पाइपाचा व्यास इंजिनाच्या आउटलेटपेक्षा कमी नको, बाक गोलाईचे घ्या. सर्वांत खालच्या जागी ड्रेन प्लग हवाच, नाहीतर साचलेलं पाणी टर्बोत उतरतं.

बॅक प्रेशर, म्हणजे पाइपात अडून इंजिनावर उलटा येणारा धुराचा दाब, मोजायला टर्बोनंतरच्या सरळ भागात छोटा सॉकेट ठेवा. त्याला हातभर तांब्याची नळी जोडा, पुढे यू आकाराची पारदर्शक नळी, तीत पाणी. थेट प्लास्टिक जोडलंत तर वितळेल. पूर्ण लोडवर दोन्ही बाजूंच्या पाण्यातला फरक इंजिनाच्या पुस्तकातल्या मर्यादेशी ताडून पाहा.

लॅगिंगची, म्हणजे पाइपावर उष्णतारोधक गुंडाळायची, घाई करू नका. आधी इंजिन गार असतानाच सुरू करून प्रत्येक जॉइंटवर साबणाचं पाणी फिरवा. बुडबुडा दिसला की गॅस्केट बदला. केबिनमध्ये खलाशी झोपतात, आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. इथे हयगय मला अजिबात चालत नाही.

मग सिरॅमिक वूल, वर काचेचं कापड, त्यावर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा. पत्रा नसेल तर ठिबकलेलं डिझेल वूलमध्ये मुरतं आणि पेट घेतं. अ‍ॅस्बेस्टॉसची दोरी स्वस्त मिळाली तरी घेऊ नका, तिची धूळ फुप्फुसात बसते. बेलोजवर मात्र काढता येईल असं कव्हरच घाला. पहिल्या फेरीनंतर पाइप गार झाला की ते काढून तिथले नट पुन्हा आवळायचे आहेत.