अंकाचं टपाल बोर्डावर लावण्याआधी

मागच्या वर्षी एकाच कथेला आम्ही एकाच दिवशी होकार कळवला आणि तीच कथा साभार परतही केली. लेखकाचा फोन आला. रागावले नव्हते, मजेत होते. "तुमच्याकडे संपादक दोन आहेत की अंक दोन?" म्हणाले. झालं होतं असं की त्यांनी कथा पाठवली, दोन दिवसांनी शेवट बदलून पुन्हा पाठवली, मग एका पात्राचं नाव बदलून तिसऱ्यांदा. आमच्याकडे आलेल्या प्रत्येक मेलचं आपोआप एक कार्ड कॉम्प्युटरवरच्या कामाच्या बोर्डावर पडत होतं, म्हणून एका कथेच्या तीन झाल्या. एक प्रत काकूंनी वाचली, एक मी. काकूंना आवडली, मला नाही. पत्रं पाठवणाऱ्या मुलानं दोघांचंही इमानदारीनं ऐकलं.

म्हणून ही यादी. आमचा दिवाळी अंक लहान आहे, माणसं पाच. टपाल जीमेलवर येतं आणि काम ट्रेलोच्या बोर्डावर चालतं (ट्रेलो म्हणजे प्रत्येक कामाचं कार्ड करून ते रकान्यांत सरकवत न्यायची इंटरनेटवरची सोय), तेव्हा पुढचं सगळं त्या दोघांना धरून आहे. यंदा अधिक ज्येष्ठ आल्यानं लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला आहे. 2025 मध्ये ते 21 ऑक्टोबरला होतं. म्हणजे हातात अडीच आठवडे जास्त. ते प्रूफांत घालवायचे नसतील तर साहित्य मागवणारं आवाहन बाहेर पडण्याआधी एवढं करून ठेवायचं.

सगळ्यात आधी कागद घ्यायचा, कॉम्प्युटर नाही. आपल्या पत्त्यावर गेल्या हंगामात काय काय आलं ते लिहून काढायचं. कथा, कविता, लेख, चित्रं, जाहिरातींची पत्रं, छापखान्याची बिलं, "पोचलं का?", "अंक कुठे मिळेल?", मानधनासाठी बँकेचे तपशील, आणि एका गृहस्थांचे रोज सकाळचे सुविचार. यातल्या कशाचं कार्ड व्हायचं आणि कशाचं नाही, हे आधी ठरवायचं. आमचा नियम आता एका ओळीचा आहे: ज्यावर कुणीतरी बसून निर्णय घ्यायचा आहे त्याचंच कार्ड. बिलावर निर्णय नसतो, ते भरायचं असतं. सुविचारांवर तर काहीच करायचं नसतं.

मग बोर्डाचे रकाने. आमचे असे आहेत: आलेलं, वाचायला दिलं, घ्यायचं, साभार परत, डीटीपी (म्हणजे कॉम्प्युटरवरची अक्षरजुळणी), पहिलं प्रूफ, दुसरं प्रूफ, पान लागलं. पहिल्या वर्षी "विचाराधीन" असाही एक रकाना होता. ज्याला नाही म्हणायचं धाडस होत नाही ते सगळं तिथे जाऊन बसायचं. तो काढून टाकला.

आता पत्ता. ट्रेलोच्या प्रत्येक बोर्डाला स्वतःचा एक लांबलचक मेलपत्ता मिळतो. बोर्डाच्या मेनूत ईमेल-टू-बोर्डची सेटिंग असते तिथे तो दिसतो, आणि नवं कार्ड कोणत्या रकान्यात, वर की खाली पडावं, तेही तिथेच ठरवता येतं. खालीच टाकायचं. वर टाकलं की काल आलेली कथा आधी वाचली जाते आणि जूनमध्ये आलेली तळाशी जाते. त्या पत्त्यावर मेल गेला की विषयाच्या ओळीचं कार्डाचं शीर्षक होतं, मजकूर वर्णनात जातो, फाइल चिकटवली जाते. पत्ता बोर्डाचा असला तरी तो ज्याच्या खात्यातून घेतला त्याच्या नावानं कार्डं पडतात. आम्ही तो भाच्याच्या खात्यातून घेतला होता, म्हणून पूर्ण हंगाम बोर्डावर असं दिसत होतं की जगातल्या सगळ्या कविता भाच्यानंच आणून टाकल्यात. अंकाच्या नावाचं एक वेगळं खातं काढायचं आणि त्यातूनच पत्ता घ्यायचा.

हा पत्ता आवाहनात छापायचा नाही, कुणाला कळवायचाही नाही. ज्याच्या हाती तो पडेल त्याला थेट आपल्या बोर्डावर कार्ड टाकता येतं. चुकून कुठे गेलाच तर त्याच सेटिंगमध्ये नवा पत्ता तयार करून घ्यायचा. मात्र त्यानंतर जीमेलमधलं फॉरवर्डिंगही, म्हणजे आलेला मेल आपोआप बोर्डाच्या पत्त्यावर पाठवायची सोय, बदलायचं, नाहीतर टपाल हवेत जात राहील. लेखकांना द्यायचा तो नेहमीचा जीमेल पत्ता. त्यात ॲट चिन्हाच्या आधी अधिक चिन्ह टाकून "कथा", "कविता", "जाहिरात" असा इंग्रजी अक्षरांतला शब्द जोडला तरी मेल आपल्याच पेटीत येतो. त्यासाठी वेगळं खातं लागत नाही. आवाहनात कथेसाठी एक पत्ता, कवितेसाठी एक, असं छापलं की निम्मी निवड तिथेच झाली. जाहिरातीचा पत्ता या साखळीच्या बाहेरच ठेवायचा. ते टपाल ज्यांच्याकडे जायचं त्यांना बोर्डाचं काही सांगूही नये, त्यांची वही त्यांना पुरते.

जीमेलमधून बोर्डाकडे पाठवायला फॉरवर्डिंगचा पत्ता जोडावा लागतो, आणि हे कॉम्प्युटरवरच होतं, फोनच्या ॲपमध्ये ही सोय नाही. पत्ता जोडला की जीमेल खात्री करून घ्यायला त्या पत्त्यावर एक कोड पाठवतं. तो पत्ता म्हणजे बोर्ड. तेव्हा कोडचा मेल येतो तो कार्ड होऊन. मी अर्धा तास इनबॉक्स आणि स्पॅम धुंडाळत बसलो होतो. काकूंनी पलीकडच्या खोलीतून हाक मारली, "अरे, इथे कुणीतरी आकड्यांची कविता पाठवलीय." बोर्डावर सगळ्यात पहिलं कार्ड तेच होतं. तो कोड जीमेलमध्ये भरायचा आणि कार्ड काढून टाकायचं.

सगळं टपाल फॉरवर्ड करायचा पर्याय समोर दिसतो. त्याला हात लावायचा नाही. फिल्टर करायचा. पत्ता कथेचा किंवा कवितेचा असेल, आणि मेलला फाइल जोडलेली असेल, तरच पुढे पाठव. या दुसऱ्या अटीनं आमचं सगळ्यात मोठं दुखणं गेलं. "पोचलं का?" ला फाइल नसते. "कृपया उत्तर द्यावे" ला नसते. मेलमध्ये दहा वेळा बोलणं झालं तरी जीमेल ते एका धाग्यात ओवून ठेवतं. बोर्डाला धागा कळत नाही, त्याला फक्त आलेला मेल दिसतो, आणि मेल दिसला की कार्ड. ट्रेलोकडून येणारे सूचनांचे मेलही याच पेटीत येत असतील तर तेही फिल्टरमध्ये वगळायचे.

सुधारून पाठवलेल्या प्रतीला मात्र फाइल असतेच, तेव्हा ती अट इथे कामाची नाही. इथे माणूसच लागतो. प्रत्येक कार्डालाही स्वतःचा एक मेलपत्ता असतो आणि त्यावर पाठवलेला मेल नवं कार्ड न होता त्याच कार्डावर टिप्पणी होऊन बसतो. म्हणून रोज सकाळी एकानं, आमच्याकडे भाच्यानं, "आलेलं" हा रकाना वरून खाली बघायचा. त्याच लेखकाचं त्याच नावाचं दुसरं कार्ड दिसलं की नवी प्रत जुन्या कार्डाला जोडायची आणि दुसरं मिटवायचं. चहा संपेपर्यंत होतं. हे झाल्याशिवाय कुणीही त्या रकान्यातून वाचायला काही उचलायचं नाही, अगदी संपादकांनीसुद्धा. संपादकांनी तर नाहीच.

आवाहनातल्या सूचना आता नव्यानं लिहायच्या, कारण कार्ड कसं दिसेल हे त्यावर ठरतं. विषयाच्या ओळीत प्रकार, शीर्षक, नाव. एवढंच. "आपल्या प्रतिष्ठित अंकासाठी नम्रपणे" अशी सुरुवात केली की बोर्डावर चाळीस कार्डं एकाच नावाची दिसतात. फाइलमध्ये शेवटी नाव, पत्ता, फोन पुन्हा लिहायला सांगायचं. फिल्टरनं आपोआप पुढे गेलेल्या मेलच्या मजकुरात पाठवणाऱ्याचा पत्ता नसतो, आणि कार्ड बनतं ते विषय आणि मजकुरातून. कथा मेलच्या अंगात पेस्ट करू नये, हेही ठळक छापायचं. ट्रेलोच्या वर्णनात 16,384 अक्षरं मावतात आणि देवनागरीत प्रत्येक मात्रा, वेलांटी, अनुस्वार वेगळं अक्षर मोजलं जातं. चार हजार शब्दांची कथा त्यात बसत नाही.

फाँटचं सांगून सांगून घसा बसतो, तरी सांगायचं. युनिकोडमध्ये पाठवा. अजूनही श्रीलिपी, कृतिदेव अशा युनिकोडआधीच्या जुन्या फाँटांत टाइप केलेल्या फाइली येतात, आणि तो फाँट नसलेल्या कॉम्प्युटरवर त्या उघडल्या की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसतो. नवीन मुलांना वाटतं फाइल बिघडली. बिघडलेली नसते. "फाँट बदलायचा" असं एक लाल लेबल करून ठेवा, ते लावून डीटीपीवाल्यांकडे द्या, ते कन्व्हर्टर चालवून घेतील. त्यानंतर रफार आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासायला वेळ धरा.

चित्रकारांशी वेगळं बोलायचं. ए-फोर आकाराचं रंगीत चित्र 300 डीपीआयला स्कॅन केलं की न दाबता सुमारे 26 एमबी होतं. जीमेलची मर्यादा 25 एमबी, त्यापुढे ते ड्राइव्हची लिंक करून पाठवतं. ट्रेलोच्या फुकटच्या योजनेत एका फाइलला 10 एमबी. म्हणजे कार्डावर चित्र नसून लिंक येणार, आणि ती उघडली की "परवानगी मागा" असं दिसणार, तेही छापखान्यात पानं लागत असताना. चित्रकारांना बोर्डासाठी लहान जेपेग पाठवायला सांगायचं, मूळ फाइल पेन ड्राइव्हवर किंवा परवानगी न मागता उघडेल अशा लिंकवर. कंपनीत नोकरी करणाऱ्या लेखकांच्या सहीखाली कंपनीचं बोधचिन्ह असतं, तेही चित्र म्हणून कार्डाला चिकटतं. एका हळव्या प्रेमकथेच्या कार्डावर दोन महिने एका बँकेचं बोधचिन्ह झळकत होतं. कुणी काढलं नाही, सगळ्यांना आवडलं होतं.

लेबलं आपोआप लागतात. मेलच्या विषयात # लावून लेबलाचं नाव लिहिलं की ट्रेलो ते लेबल लावतं, पण लेखकांकडून ही अपेक्षा ठेवू नये. त्यापेक्षा बोर्डाच्या ऑटोमेशनमध्ये नियम करा: शीर्षकात "कविता" असेल तर निळं लेबल. फुकटच्या योजनेत अशा नियमांना महिन्याला 250 वेळा चालायची मुभा आहे, आणि जुलैत टपाल त्याहून जास्त असलं तर शेवटच्या आठवड्यात लेबलं लागणं बंद होतं. म्हणून नियम एकदोनच ठेवायचे.

मानधनासाठी येणारे खातेक्रमांक, पॅन वगैरे बोर्डावर येताच कामा नये. तो पत्रव्यवहार स्वीकृतीनंतर वेगळ्या पत्त्यावर, फिल्टरच्या बाहेर. बोर्डही खाजगी आहे ना, ते एकदा उघडून बघायचं, कारण सार्वजनिक बोर्ड लिंक असलेल्या कुणालाही दिसतो आणि गूगललाही सापडतो. साभार परत झालेल्यांची नावं गावभर व्हायला नकोत.

हे सगळं लावून झालं की आवाहनाआधी पाच मेल स्वतःच पाठवून बघायचे: एक मराठी विषयाचा, एक विषयच नसलेला, एक जुन्या फाँटचा, एक जड चित्राचा, आणि एक घरातल्या कुणाच्या तरी फोनवरून, त्यांना काहीही न समजावता. आमच्याकडे शेवटचा आईनं पाठवला. तिनं कथेऐवजी लोणच्याचा फोटो जोडला. कार्ड नीट पडलं.

फिल्टर फक्त यापुढे येणाऱ्या मेलना लागतो. आधी येऊन पडलेलं साहित्य हातानं पुढे पाठवायचं. स्पॅममध्ये गेलेलं पुढे जातच नाही, तेव्हा दर शनिवारी स्पॅम उघडायचा. अनोळखी माणूस, मजकूर काही नाही, फक्त एक फाइल: पहिल्यांदा लिहिणाऱ्या पोरांचे मेल नेमके असेच असतात. मूळ मेल कधीच पुसायचा नाही. कार्ड ही कामाची चिठ्ठी, दप्तर जीमेलमध्ये. पोच देण्यासाठी जीमेलचा सुटीचा आपोआप जाणारा जबाब वापरत असाल तर लक्षात ठेवा, त्याच माणसाला तो चार दिवसांत पुन्हा जात नाही. सोमवारी कथा आणि बुधवारी कविता पाठवणारा कवितेच्या पोचेची वाट बघत बसतो.

राहिलं व्हॉट्सॲप आणि पोस्ट. व्हॉट्सॲपवर आलेली फाइल ज्याच्या फोनवर आली त्यानं त्याच दिवशी कथेच्या पत्त्यावर मेल करायची, विषयाची ओळ लेखकाच्या नावानं लिहून. फुलस्केपवर दोन्ही बाजूंनी निळ्या शाईत लिहिणारे आमचे तीन ज्येष्ठ लेखक आहेत. त्यांच्या पाकिटाचं कार्ड काकू स्वतः करतात, शीर्षकात नाव आणि वर्णनात एकच ओळ: "कपाटात, दुसरा खण."