ॲल्युमिनियम ‘गंजत नाही’ म्हणून गाफील राहू नका: माझ्या गाडीवर मी केलेल्या चुका

हॉर्न बदलला तो जूनमध्ये. कंपनीचा जुना हॉर्न सायकलच्या घंटीएवढाच वाजायचा आणि कोल्हापुरात तावडे हॉटेलच्या चौकात त्याला कोणी जुमानत नव्हतं. दोन भोंग्यांचा दणकट हॉर्न आणला. अर्थिंगसाठी सांगाड्याच्या पुढच्या आडव्या पट्टीत 4 मिलिमीटरचं भोक पाडलं, त्यावर तांब्याचा लग (वायरच्या टोकाची चकती) ठेवला आणि लोखंडी सेल्फ टॅपिंग स्क्रू पिळला. दहा मिनिटांचं काम. दिवाळीच्या तोंडावर हॉर्न घसा बसलेल्या बोकडासारखा ओरडायला लागला. बंपर खोलून लगला हात लावला, तर तो स्क्रूसकट हातात आला. भोकाभोवती पिठासारखी पांढरी, ओलसर भुकटी होती. ती पुसली तर शिसपेन्सिल आरपार जाईल एवढं भोक झालेलं.

गाडी दोन सीटांची, इंजिन मागं, थर्ड ओनर, आणि सांगाडा सगळा ॲल्युमिनियमचा. घेताना मी सगळ्यांना सांगत फिरलो होतो, “हिला गंज नाही, कटकट नाही.” माझा स्वतःचा धंदा बिडाच्या कास्टिंगचं मशिनिंग करायचा. म्हणजे धातू मला कळतो असा माझा समज होता. खरं तर मला बीड आणि पोलाद कळत होतं, आणि तीच सवय या गाडीला नडली.

आधी हे समजून घ्या

ॲल्युमिनियम हवेत उघडं पडलं की त्यावर क्षणात ऑक्साइडचा पापुद्रा धरतो. काही नॅनोमीटर जाडीचा, पण घट्ट बसलेला. लोखंडाचा गंज सुटून पडतो आणि आतला भाग पुन्हा उघडा करतो, तसं इथं होत नाही. म्हणून नुसत्या पावसानं ॲल्युमिनियमचं फारसं बिघडत नाही. बिघडतं ते दुसरा धातू चिकटून बसला आणि दोघांच्या मधे ओल राहिली की. मग ती जोडी म्हणजे एक छोटी बॅटरीच. पोलाद, स्टेनलेस, तांबं, पितळ, इतकंच काय कार्बन फायबरसुद्धा, यांच्या शेजारी ॲल्युमिनियम नेहमी पडती बाजू घेतं आणि स्वतः झिजतं. पाण्यात मीठ असेल तर ही बॅटरी जोरात चालते. माझ्या त्या भोकात तांबं होतं, लोखंड होतं, पुढच्या चाकानं उडवलेला चिखल होता. कमी काहीच नव्हतं.

“एसएसचे बोल्ट टाका, जिंदगीत बघायला नको”

एसएस म्हणजे स्टेनलेस स्टील. हा सल्ला आमच्या उद्यमनगरात, म्हणजे कारखान्यांच्या वस्तीत, कुठल्याही दुकानात फुकट मिळतो. मी ऐकला. पोटाखालच्या पत्र्याचे सगळे झिंक प्लेटिंगचे बोल्ट काढून चकचकीत स्टेनलेस टाकले. बोल्टना खरंच काही झालं नाही. झालं ते पत्र्याला: प्रत्येक वायसरखाली पांढरी कडी आणि रंगाला फोड.

स्टेनलेस वापरूच नये असं नाही. मोठ्या पत्र्यात छोटा बोल्ट असेल तर झीज पसरते आणि बरीच वर्षं निभावतं. पण बोल्टच्या डोक्याखाली जी फट असते तिथं पाणी अडकतं आणि तिथंच पत्रा खाल्ला जातो. उपाय म्हणजे दोन धातूंचा स्पर्श तोडायचा. डोक्याखाली नायलॉनचा वायसर, आणि आट्यांना जॉइंटिंग कंपाउंड. ड्युरालॅक नावाची पिवळी पेस्ट बोटी आणि विमानांच्या कामात जुनी आहे. तिच्या मूळ प्रकारात क्रोमेट असतं, हातमोजे घालूनच लावा. टेफ-जेल नावाची पेस्टही चालते. कॉपर ग्रीस मात्र इथं नको. त्यात तांब्याची भुकटीच असते, म्हणजे ज्याला हाकलायचं त्यालाच आपण घरात घेतो.

ब्रेक, स्टिअरिंग आणि सस्पेन्शनच्या बोल्टना हा नियम लावू नका. तिथं कंपनीनं जो ग्रेड दिलाय तोच. साधा बाजारातला स्टेनलेस बोल्ट 8.8 किंवा 10.9 ग्रेडच्या (हे ताकदीचे आकडे) पोलादी बोल्टची ताकद देत नाही. चकाकीसाठी विशबोनचे (सस्पेन्शनच्या दांड्यांचे) बोल्ट बदललेली गाडी मी बघितलीये, आणि तिच्यात बसायचं नाकारलंय.

अजून एक उलटी वाटणारी गोष्ट. रंग द्यायचा झाला तर नुसत्या ॲल्युमिनियमला देऊन थांबू नका, शेजारच्या पोलादी भागालाही द्या. दोघांपैकी एकच रंगवता येत असेल तर पोलादच रंगवा. ॲल्युमिनियम रंगवलं आणि त्याला कुठंतरी एक ओरखडा गेला, तर शेजारच्या सगळ्या उघड्या पोलादाचा भार त्या एका ओरखड्यावर येतो आणि तिथं सुईसारखं खोल भोक पडतं. मला हे पटायला वेळ लागला.

काळं कोटिंग आणि ट्रॉलीचा चिखल

नवी-जुनी कुठलीही गाडी घ्या, अंडरबॉडी कोटिंगचा आग्रह होतोच. लोखंडी गाडीला त्याचा काही उपयोग असेल. ॲल्युमिनियमच्या सांगाड्यावर ते जाड डांबरी थर मारणं म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणं. खडी लागून थराला चीर गेली की पाणी आत शिरतं आणि मग बाहेर पडत नाही. वरून सगळं काळं आणि गुळगुळीत, त्यामुळं कोणाला पत्ता नाही. हुपरीच्या चांदीला काळं पडतं ते निदान दिसतं तरी.

त्यापेक्षा मेणाचा किंवा लॅनोलिनचा (लोकरीतल्या चरबीचा) पारदर्शक स्प्रे घ्या. खाली काय चाललंय ते दिसतं, आणि दर पावसाळ्याआधी पुन्हा मारता येतो. ब्रेक डिस्क, पॅड आणि सायलेन्सरच्या पाइपावर जाऊ देऊ नका.

आता चिखल. परदेशातल्या या गाड्यांचे मालक हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेल्या मिठाच्या नावानं बोटं मोडतात. आपल्याकडं ती भानगड नाही. पण गळीत हंगामात, नोव्हेंबरपासून पुढं, शिरोळ-कागलच्या रस्त्यांवर ट्रॅक्टर शेतातली काळी माती उचलून आणतात, त्यात पाचट आणि सांडलेल्या उसाचा चिकट रस. ही माती चाकांच्या कमानीत आणि पोटाखालच्या पत्र्यावर लिंपल्यासारखी बसते आणि पोटिसासारखी ओल धरून ठेवते. बाहेर ऊन असलं तरी तिच्याखाली आठवडाभर दमटच. माझ्या गाडीच्या खालच्या पत्र्यावरून पहिल्यांदा माती काढली तेव्हा घमेलं भरलं. त्यात एक बोंडाएवढा कापसाचा गोळा आणि उंदराचं अर्धं घरटं होतं, ते वेगळंच.

सांगाड्याच्या पोकळ पट्ट्यांना खाली पाणी निघायची छोटी भोकं असतात. ती बुजली की पट्टीत तळं साचतं. साफ करायला सायकलची तार घालू नका. गवत कापायच्या मशीनची नायलॉन दोरी बरोबर जाते आणि आतून ओरखडत नाही. दोन्ही कडेला किती भोकं आहेत ते एकदा मोजून लिहून ठेवा, पुढच्या वेळी एखादं राहून जात नाही.

धुताना

ॲल्युमिनियमचा पापुद्रा साधारण 4 ते 8.5 pH मध्ये (pH म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप) टिकतो. त्याच्या खाली किंवा वर गेलात की विरघळतो. वॉशिंग सेंटरवर चाकं पांढरी करायला जे ‘ॲसिड’ मारतात ते एका बाजूला, आणि इंजिनवरचं तेल काढायचं कॉस्टिकचं पाणी दुसऱ्या बाजूला. दोन्ही नको. पोराला आधीच सांगा, “भावा, फक्त शाम्पू.” बांधकामाच्या ट्रकमधून सांडलेलं ओलं सिमेंटही अल्कलीच, उडालं तर त्याच दिवशी धुवा.

आणि कोकण. रविवारी आंबा घाटातून गणपतीपुळे, मासे खाऊन रात्री मुक्काम, हा आपला ठरलेला कार्यक्रम. गाडी रात्रभर समुद्राच्या वाऱ्यात उभी राहिली की मीठ वरच्या रंगापेक्षा आतल्या सांध्यांत जास्त बसतं. परत आल्यावर “उद्या धुतो” म्हणू नका. साध्या पाण्यानं, खालून, सावकाश धुवा. प्रेशर वॉशरचं नोझल सांध्यात खुपसून नव्हे, नाहीतर मीठ आणखी आत ढकललं जातं. मग ओल्या गाडीवर लगेच कव्हर घालू नका. ही चूक तर निम्मे लोक करतात.

वायर ब्रश

थोडक्यात सांगतो. एमएसच्या (साध्या पोलादाच्या) गेटवर फिरवलेला वायर ब्रश ॲल्युमिनियमवर फिरवला की लोखंडाचे कण त्यात रुततात आणि प्रत्येक कण एक नवी छोटी बॅटरी होतो. ग्राइंडरची वापरलेली डिस्क तशीच. नायलॉनचं स्कॉच ब्राइट किंवा कोरा करकरीत स्टेनलेस ब्रश वापरा आणि तो वेगळ्या डब्यात ठेवा. पांढरी भुकटी निघाली, स्वच्छ धातू दिसला, की पुसून वाळवून त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर मारा. रात्र जाऊ देऊ नका.

छोट्या सुधारणा, आणि त्यांची ओढाताण

भोक पाडायचा मोह सगळ्यात वाईट. डॅशकॅम, जादा दिवे, ॲम्प्लिफायर, काहीही असो, आधी कंपनीचा अर्थिंग पॉइंट शोधा आणि तिथवर वायर न्या. दोन मीटर वायर जास्त लागेल, लागू दे. लग टिन केलेला घ्या, उघड्या तांब्याचा नको. माझा हॉर्न आता असाच जोडलाय आणि दोन पावसाळे व्यवस्थित वाजतोय. नंबर प्लेट किंवा एखादा ब्रॅकेट बसवायला रिव्हेट लागलीच, तर पूर्ण ॲल्युमिनियमची बंद तोंडाची घ्या. साध्या पॉप रिव्हेटचा खिळा पोलादी असतो, ओढल्यावर त्याचं तुटलेलं टोक आतच राहतं आणि गंजत बसतं.

चाकं काढून घालताना बघा, अलॉय चाक पोलादी हबला चिकटतं. माझं एकदा असं धरलं की पंक्चर काढणाऱ्या मामांनी टायरवर लाथ घातली. हबची बसायची कड नायलॉननं साफ करून तिथं ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवा. स्टड आणि नटला मात्र ग्रीस नाही. आट्यांना वंगण लागलं की त्याच टॉर्कला (पिळायच्या जोराला) बोल्ट जास्त ताणला जातो. हेच इतर बोल्टनाही लागू: मॅन्युअलमधला कोरड्या आट्यांचा आकडा पेस्ट लावलेल्या आट्यांना जसाच्या तसा लावायचा नाही.

कूलंट बदलताना बोअरचं पाणी ओतू नका. त्यातले क्लोराइड रेडिएटरला आणि ॲल्युमिनियमच्या हेडला आतून खातात. डीमिनरलाइज्ड पाणी आणि कंपनीनं सांगितलेल्या प्रकारचं कूलंट. दोन रंगांची भेसळ नको. आमच्याकडं हे काम सगळ्यात हलक्यात घेतलं जातं, आणि त्याचं बिल सगळ्यात जड येतं.

अडकलेला बोल्ट

ॲल्युमिनियमच्या आट्यांत पोलादी बोल्ट अडकला की पाईप लावून लांब केलेला पाना आठवतो. थांबा. बोल्ट तुटेल, नाहीतर आटे जातील. ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या साधारण दुप्पट फुगतं, त्याचाच फायदा घ्या. हॉट एअर गननं भोवतालचा भाग तापवा, भेदक तेल सोडा, थोडं घट्ट, थोडं सैल असं हलवत काढा. गॅस टॉर्च नको, आणि सांगाड्याचे जे सांधे गोंदानं चिकटवलेले असतात (ते पुढं येतंच) त्यांच्याजवळ तर गरम हवासुद्धा नको. आटे गेलेच तर हेलिकॉइल, म्हणजे नव्या आट्यांची तारेची गुंडाळी, बसवता येतं, पण ते स्टेनलेसचं असतं, तेव्हा बसवताना पेस्ट विसरू नका.

“आर्गन मारून घ्या की”

म्हणजे आर्गन गॅसचं वेल्डिंग. सगळ्यात महागडी चूक हीच ठरली असती. ते पेन्सिलीएवढं भोक दाखवलं तेव्हा एका ओळखीच्या मिस्त्रींनी विचारलं, “मालक, एवढ्यासाठी काय घाबरताय? आर्गन मारून घ्या, पाच मिनिटांत बुजवतो.” त्यांचा हात चांगला आहे, पंपाची तडकलेली बॉडी ते अशी भरतात की जोड सापडत नाही. पण अशा बऱ्याच गाड्यांचे सांगाडे वेल्डिंगचे नसतातच. 1996 च्या लोटस एलिसनं हा प्रकार गाजवला. साच्यातून दाबून काढलेल्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या इपॉक्सीनं चिकटवायच्या आणि भट्टीत पक्क्या करायच्या. तिचा अख्खा सांगाडा सुमारे 68 किलोचा. जॅग्वार एफ-टाइपमध्ये गोंदाच्या जोडीला रिव्हेट. तिथं वेल्डिंगची उष्णता पोचली की इपॉक्सी जळतो, आणि हीट ट्रीटमेंट केलेल्या धातूची ताकदही त्या पट्ट्यात बरीच उतरते. वरून टाका सुंदर दिसतो, आणि त्याच्या शेजारचा सांधा आतून सुटलेला असतो.

माझं भोक सुदैवानं सांध्यापासून लांब आणि भार न घेणाऱ्या पट्टीत होतं. साफ करून, प्रायमर मारून, त्यावर सीलंटसकट ॲल्युमिनियमची चकती रिव्हेट केली. सांध्यातच पांढरी रेघ दिसली, दोन पत्रे एकमेकांपासून फुगून दूर झालेले दिसले किंवा रिव्हेटचं डोकं उचललेलं दिसलं, तर उद्यमनगरात जाऊ नका. गाडी फ्लॅटबेडवर (सपाट पाठीच्या ट्रकवर) घाला आणि ज्यांच्याकडं त्या कंपनीची दुरुस्तीची पद्धत लिखित आहे अशांकडं पाठवा. पुणे-मुंबईचा खर्च होईल, करा.

जुनी गाडी घ्यायला निघाला असाल तर 2019 आणि 2021 या दोन साली ती कुठं होती ते विचारा. पंचगंगेनं 43 फुटांची धोक्याची पातळी या दोन्ही वर्षी बरीच मागं टाकली होती. पुरात बसलेल्या गाडीचे गालिचे आणि सीट बदलता येतात, पोकळ पट्ट्यांतला गाळ कोणी काढत नाही. विजेरी घेऊन खाली झोपा, पाणी निघायच्या भोकात नायलॉनची दोरी घाला आणि ती कुठल्या रंगाची होऊन बाहेर येते ते बघा.