ॲम्प्लिफायर बदलण्याआधी चादर टांगून बघा

सोलापुरात बऱ्याच घरांत खाली शहाबादी फरशी आणि चारही बाजूंना उघड्या भिंती. अशा खोलीत महागडे स्पीकरही कर्कश वाजतात. म्हणून नवा ॲम्प्लिफायर घेण्याआधी हे करा. नेहमीच्या जागी ऐकायला बसा आणि कुणाला तरी बाजूच्या भिंतीला लावून आरसा सरकवायला सांगा. ज्या जागी आरशात स्पीकर दिसेल, तिथूनच आवाज उलटून कानावर येतो. तिथे जाड सोलापुरी चादर दुहेरी करून, भिंतीपासून चार बोटं अंतर सोडून टांगा. अंतर महत्त्वाचं, चिकटवून लावली तर परिणाम फारच कमी. दुसऱ्या भिंतीलाही तसंच. गाण्यातले शब्द लगेच सुटे ऐकू येतात. घुमणारा बेस मात्र चादरीने आवरत नाही, त्यासाठी स्पीकर मागच्या भिंतीपासून हातभर पुढे ओढा.