आर्सेनिकचं पाणी आणि हृदय : या चुका टाळा

भोजपूर, बलिया या गंगाकाठच्या जिल्ह्यांत जमिनीखालच्या पाण्यात आर्सेनिक हे विष किती आहे, ते तपासायला नमुने घेण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे. दर हिवाळ्यात नवी मंडळी येतात : विद्यार्थी, नुकतेच पास झालेले डॉक्टर, संस्थांचे कार्यकर्ते. उत्साहाला तोटा नसतो, पण चुका त्याच त्या होतात. आर्सेनिक म्हटलं की त्यांना तळहातावरच्या गाठी आणि कॅन्सर एवढंच आठवतं. हृदय कुणाच्या ध्यानीमनी नसतं, आणि बहुतेक चुकांचं मूळ तिथेच आहे.

कातडी साफ आहे, म्हणजे काही झालेलं नाही

ही चूक मला सगळ्यांत जास्त छळते. १९८३ मध्ये कोलकात्यातले त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांनी पश्चिम बंगालमधले रुग्ण ओळखले ते त्वचेवरूनच. छातीपाठीवर पावसाच्या थेंबांसारखे डाग, तळहात-तळपायांवर खरखरीत टणक गाठी. तेव्हापासून लोक त्वचेकडेच बघत बसले आहेत. पण हे डाग उमटायला बहुधा पाचेक वर्षं किंवा त्याहून जास्त काळ जातो, आणि ते सगळ्यांना उमटतही नाहीत. रक्तवाहिन्यांचं नुकसान मात्र डागांची वाट बघत थांबत नाही.

याचे पुरावे जुने आहेत. तैवानच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर खोल विहिरींचं पाणी पिणाऱ्यांच्या पायांच्या रक्तवाहिन्या बंद होत गेल्या, बोटं काळी पडली, पाय कापावे लागले. त्या रोगाचं नावच 'ब्लॅकफूट' पडलं. चिलीतल्या अँटोफगास्टा शहराला १९५८ मध्ये नवा पाणीपुरवठा मिळाला आणि त्यात आर्सेनिक लिटरमागे ८०० मायक्रोग्रॅमच्या वर होतं. १९७० मध्ये शुद्धीकरण केंद्र सुरू होईपर्यंत लोक तेच पाणी प्याले. तिथे फुप्फुसाच्या आणि मूत्राशयाच्या कॅन्सरचे मृत्यू नंतर वाढले. हृदयविकाराच्या झटक्याचे मृत्यू त्याआधीच, आणि तेही तरुण पुरुषांत वाढलेले दिसले. बांगलादेशात अरैहजार भागात २००० पासून ११ हजारांहून अधिक माणसांचा मागोवा घेतला जातोय. २०११ मध्ये त्याचे निष्कर्ष आले : लिटरमागे १२ मायक्रोग्रॅमपेक्षा कमी आर्सेनिकचं पाणी पिणाऱ्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या आजाराने दरवर्षी लाखामागे सुमारे २१४ मृत्यू, त्याहून जास्त असलेल्यांत सुमारे २७१.

शरीरात होतं काय, तर रक्तवाहिनीचं आतलं अस्तर बिघडतं. वाहिनी सैल ठेवणारं नायट्रिक ऑक्साइड कमी पडतं, सूज राहते, भिंत जाड होत जाते, रक्तदाब चढतो. ईसीजीत क्यूटी अंतर, म्हणजे हृदयाचे कप्पे आकुंचन पावून पुन्हा सज्ज व्हायला लागणारा वेळ, लांबलेलं दिसू शकतं. यातलं काहीच हातापायावर दिसत नाही.

भोजपूरमधल्या एका गावात पंचेचाळिशीचा एक शेतकरी होता. अंगावर एक डाग नाही. झटका येऊन गेला होता, शहरात नेऊन स्टेंट बसवला होता, गोळ्या वेळच्या वेळी चालू होत्या. कागदांची फाईल जाडजूड होती. त्यात मीठ किती, तेल किती, चालायचं किती, सगळं होतं. पाणी कुठलं पिता, हा प्रश्न कुठल्याच कागदावर नव्हता. अंगणातल्या चापाकलाचं, म्हणजे हापशाचं पाणी मी आर्सेनिक तपासायच्या किटवर लावलं, तर पांढरी पट्टी पिवळी होऊन न थांबता तपकिरी झाली. मी सुनेला विचारलं, तर ती म्हणाली, "दीदी, हम तो रोज उबाल के देते हैं." आजारी माणसाला उकळलेलं पाणी द्यायचं, हे तिला कुणीतरी सांगितलं होतं, आणि ती ते मनापासून करत होती. ॲल्युमिनियमच्या पातेल्याला एक पोचा होता. पाणी आटून त्या पोच्याखाली गेलं की पातेलं उतरवायचं, हे तिचं माप.

उकळल्याने जंतू मरतात. आर्सेनिक वाफेबरोबर उडून जात नाही, ते पातेल्यातच राहतं. दोन लिटर पाण्यात लिटरमागे ६० मायक्रोग्रॅम असेल आणि उकळून दीड लिटर उरलं, तर तेच ८० होतं. भारताच्या मानकाची मर्यादा १० आहे. घरातल्या सगळ्यांत नाजूक माणसाला घरातलं सगळ्यांत वाईट पाणी मिळत होतं.

त्याचा झटका आर्सेनिकमुळेच आला, असं मी म्हणणार नाही. बिडी होती, घराण्यात हृदयविकार होता. पण अरैहजारच्याच अभ्यासात दिसलं की धूम्रपान आणि आर्सेनिक एकत्र आले की धोका दोन्हींच्या बेरजेपेक्षा जास्त वाढतो. म्हणून 'बिडीमुळे झालं' म्हणून पाण्याचा प्रश्न सोडून देणं मला अजिबात पटत नाही. गल्लीपलीकडच्या घराचा हापसा तपासला तर तो मर्यादेत निघाला. हाकेच्या अंतरावरच्या दोन हापशांत असा फरक तिथे नेहमी सापडतो. दोन घरांत बोलणं बंद होतं. शेवटी सासूबाई स्वतः उठून गेल्या आणि पिण्या-रांधण्यापुरतं पाणी तिथून आणायचं ठरलं.

तिथे येणाऱ्या डॉक्टरांना मी एकच गळ घालते. रक्तदाबाचा किंवा छातीच्या दुखण्याचा रुग्ण आला की पाणी कुठलं आणि किती वर्षांपासून, हे केस पेपरवर लिहा. पुण्या-मुंबईत बांधकामावर आलेला बलियाचा माणूस तुमच्यापुढे बसला असेल, तर त्याचं लहानपणीचं पाणीही विचारा.

नमुना बाटलीत भरला, काम संपलं

दुसरी चूक आमच्या कामातली, आणि ती घाईतून होते. गंगेच्या खोऱ्यात आर्सेनिक बहुधा लोहाच्या संगतीने येतं. जमिनीखाली प्राणवायू नसलेल्या गाळात लोहाची संयुगं विरघळतात, आणि त्यांना चिकटलेलं आर्सेनिक पाण्यात सुटतं. हे पाणी बाहेर आलं, हवा लागली, की लोह पुन्हा तांबूस गाळ होऊन खाली बसतं आणि आर्सेनिकही सोबत ओढून नेतं.

एकदा तरुण मुलांची एक तुकडी आठवडाभर फिरून भरपूर बाटल्या घेऊन आली. लोह विरघळलेलं राहावं म्हणून बाटलीत आम्लाचे थेंब टाकायचे असतात, ते वेळ वाचावा म्हणून टाकलेच नव्हते. बाटल्या उन्हात गाडीत राहिल्या. प्रयोगशाळेने वरचं नितळ पाणी घेतलं, आणि ज्या वस्त्यांत लोकांच्या हातांवर गाठी होत्या तिथले अहवाल 'मर्यादेत' म्हणून आले. मुलं खूश होती. गावांत जाऊन सांगायची तयारी चालली होती. मी एक बाटली उजेडात तिरपी धरली, तर बुडाशी तपकिरी कडं बसलेलं. अख्खा दौरा पुन्हा करावा लागला, आणि ज्या दोन गावांत 'पाणी चांगलं आहे' हे आधीच सांगून झालं होतं, तिथे आमचं बोलणं पुढे कुणी धड ऐकून घेतलं नाही. गमावलेला विश्वास कुठल्या किटने परत येत नाही.

माझी सवय अशी : हापसा आधी चांगला हापसून साचलेलं पाणी काढून टाकायचं, नमुना घेतल्या घेतल्या तिथेच नायट्रिक आम्लाचे थेंब टाकायचे, आणि बाटलीवर घरमालकाचं नाव, हापशाची खोली, बसवल्याचं साल लिहायचं. नंतर लिहू म्हणणाऱ्याला मी पुढच्या गावी नेत नाही.

किटच्या बाबतीतही तीच अधीरता दिसते. पट्टीवर डाग उमटायला जेवढा वेळ किटवर लिहिलाय तेवढा द्या. अर्ध्या वेळात वाचलेला फिका रंग म्हणजे खोटा दिलासा. पट्टी सावलीत वाचा. आणि हे काम मोकळ्या हवेतच करा, कारण बाटलीत तयार होणारा आर्सिन वायू विषारी असतो.

टीडीएस मीटरवर विश्वास

टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार. टीडीएस ३०० म्हणजे लिटरमागे ३०० मिलिग्रॅम. आर्सेनिकची मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम. त्या आकड्यात ते दिसणारच नाही.

कुठलाही फिल्टर चालतो

कँडल आणि यूव्ही यांचा आर्सेनिकवर उपयोग नाही. आरओने बरंच निघतं, पण आर्सेनिकचा एक प्रकार (त्रिसंयुजी) त्यातूनही काही प्रमाणात सुटून येतो. शोषक माध्यमाचे, म्हणजे आर्सेनिक धरून ठेवणारा पदार्थ भरलेले फिल्टर चांगले, मात्र ते माध्यम भरलं की आर्सेनिक धरणं थांबतं, पाणी येतच राहतं. गावोगाव असे सार्वजनिक फिल्टर उभे आहेत ज्यांतून पाणी धो धो येतं आणि माध्यम कित्येक वर्षांत बदललेलं नाही. फिल्टरच्या आधीचं आणि नंतरचं, दोन्ही पाणी तपासा.

रक्त तपासलं, काही निघालं नाही

रक्तातून आर्सेनिक फार लवकर निघून जातं. अलीकडचा संपर्क बघायचा तर लघवी तपासायची, आणि त्याआधी तीन-चार दिवस मासे खायचे नाहीत, कारण माशांतलं निरुपद्रवी आर्सेनिकही एकूण आकड्यात मोजलं जातं. केस आणि नखं मागच्या काही महिन्यांचा हिशोब देतात.

एकदा हिरवा, कायम हिरवा

तपासणीनंतर सुरक्षित हापशाला हिरवा रंग देतात, असुरक्षिताला लाल. पण हा रंग दहा वर्षांपूर्वीच्या तपासणीचा असेल तर तो नाही धरायचा. मी वर्षातून एकदा तपासते.

आता उशीर झाला

हे ऐकलं की मला राहवत नाही. २०२५ मध्ये अरैहजारच्याच लोकांचे वीस वर्षांचे आकडे आले. ज्यांच्या लघवीतलं आर्सेनिक वर्षांमागून वर्षं कमी होत गेलं, त्यांच्यात हृदयविकारानेही कमी मृत्यू झाले. आधी जास्त विष प्यायलेल्यांनाही हा फायदा मिळाला.

महाराष्ट्रात हा प्रश्नच नाही

आपल्या काळ्या कातळाच्या मुलखात मोठी अडचण फ्लोराइड आणि नायट्रेटची आहे, हे खरं. पण गडचिरोलीला लागून असलेल्या छत्तीसगडच्या अंबागड चौकी भागात, कौडीकसा गावात, १९९९ मध्येच आर्सेनिक सापडल्याचं प्रसिद्ध झालं. तिथे ते खडकातून येतं, आणि आडाच्या पाण्यातही सापडलं, त्यामुळे 'आड म्हणजे सुरक्षित' हा गंगाकाठचा ठोकताळा तिथे लागू करू नका. त्या सीमेवरच्या गावांत राहत असाल तर पाणी तपासायला देताना फॉर्मवर आर्सेनिक वेगळं लिहून मागा. नेहमीच्या तपासणीत ते बहुतेकदा नसतंच.