मार्कोसविषयी बोलताना आणि संशयास्पद बोटीची खबर देताना या चुका टाळा

हिवाळ्यातल्या एका सकाळी करंजाच्या जेट्टीवर रेवसच्या लाँचची वाट पाहत असताना धरमतरच्या खाडीतून एक वेगवान बोट फेस उडवत गेली आणि रांगेतल्या तिघाचौघांचे मोबाईल एकदम वर झाले. ‘‘मार्कोस, मार्कोस!’’ असे एक कॉलेजचा मुलगा उत्साहाने म्हणाला. शेजारी मासळीची टोपली घेऊन उभ्या असलेल्या मावशींनी त्याला शांतपणे सांगितले, ‘‘आरं पोरा, पोलिसांची बोट हाय ती, बाजूला लिवलंय बग.’’ पोलिसांच्या बोटीला नौदलाचे कमांडो समजण्याची ही चूक मी उरणपासून बेलापूरपर्यंत सगळीकडे पाहतो, आणि ती निरुपद्रवी नाही, कारण कोणते दल काय करते हे ठाऊक नसले की वेळप्रसंगी फोनही चुकीच्या ठिकाणी जातो.

खाडी, किनारा आणि त्यापुढे बारा सागरी मैलांपर्यंतची गस्त ही सागरी पोलिसांची जबाबदारी आहे. त्यापलीकडच्या समुद्रात प्रामुख्याने तटरक्षक दल असते. सागर प्रहरी बल हे २६/११ नंतर नौदलाने आपले तळ आणि बंदरे राखण्यासाठी उभे केले. फोर्स वन हे कमांडो दल महाराष्ट्र पोलिसांचे आहे, तर एनएसजी, म्हणजे राष्ट्रीय सुरक्षा रक्षक हे दहशतवादविरोधी दल, केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत येते. मार्कोस या सर्वांहून वेगळे, म्हणजे नौदलाचे स्वतःचे विशेष दल होय. फेब्रुवारी १९८७ मध्ये ‘इंडियन मरीन स्पेशल फोर्स’ या नावाने ते स्थापन झाले आणि १९९१ मध्ये त्याला ‘मरीन कमांडो फोर्स’ हे नाव मिळाले. अपहृत जहाजावर चढून ते सोडवणे, समुद्रातील तेलफलाट परत ताब्यात घेणे, पाण्याखालून टेहळणी करणे आणि ओलिसांची सुटका करणे ही त्याची कामे आहेत. मार्च २०२४ मध्ये सोमाली चाच्यांच्या ताब्यातील ‘रुएन’ हे मालवाहू जहाज सोडवण्यासाठी हवाई दलाच्या सी-१७ विमानातून मार्कोस बोटींसह भर समुद्रात उतरले. भारतीय किनाऱ्यापासून सुमारे २,६०० किलोमीटर अंतरावर, आयएनएस कोलकाताच्या साथीने, सुमारे चाळीस तास चाललेल्या त्या कारवाईत ३५ चाचे शरण आले आणि १७ खलाशी सुखरूप सुटले. ही कामे दूरची वाटत असली, तरी मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राचे तेल आणि वायू नळांमधून आपल्या उरणलाच येतात, हे लक्षात ठेवावे.

२६/११ विषयीही दोन टोकांची विधाने ऐकू येतात. काहींच्या मते सारे मार्कोसनीच केले, तर काहींच्या मते त्यांनी काहीच केले नाही. दोन्ही विधाने चुकीची आहेत. एनएसजी दिल्लीहून येईपर्यंत, २७ नोव्हेंबर २००८ च्या पहाटेपूर्वीच मार्कोसची तुकडी ताजमध्ये शिरली होती. काळोखात अतिरेक्यांशी झालेल्या चकमकीत प्रवीण कुमार तेवतिया हे मार्कोस गोळ्या लागून गंभीर जखमी झाले आणि पुढे त्यांना शौर्य चक्र मिळाले. सकाळनंतर कारवाईची सूत्रे एनएसजीकडे गेली. अनोळखी इमारतीत, आत किती ओलीस आहेत हे ठाऊक नसताना घालवलेल्या त्या पहिल्या तासांचे मोल कमी लेखले जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

कारवाईचे चित्रीकरण ही सर्वांत घातक चूक आहे. २६/११ च्या त्या तीन दिवसांत सीमेपलीकडचे सूत्रधार दूरचित्रवाणीवरील थेट दृश्ये पाहून फोनवरून अतिरेक्यांना सूचना देत होते, आणि २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या प्रक्षेपणावर कठोर टीका केली. २०१५ पासून दहशतवादविरोधी कारवाईच्या थेट प्रक्षेपणाला वाहिन्यांना मनाई आहे. मात्र उलव्यातल्या एखाद्या गॅलरीतून मोबाईलवर केलेले थेट प्रक्षेपण तेवढेच नुकसान करू शकते. हे जवान तोंड झाकतात ते स्वतःच्या आणि कुटुंबाच्या सुरक्षिततेसाठी. त्यामुळे जेट्टीवर ते दिसले, तरी फोटो काढू नये आणि घरगुती गटावर ‘आत्ता इथे आहेत’ असेही लिहू नये.

सप्टेंबर २०१६ मध्ये उरणमध्ये शाळकरी मुलांनी शस्त्रधारी माणसे पाहिल्याचे सांगितले, त्यानंतर पोलीस आणि नौदलाने मोठी शोधमोहीम राबवली. कोणीही सापडले नाही. त्या संध्याकाळी माझ्या फोनवर आलेल्या प्रत्येक संदेशात माणसांचा आकडा आणि जागा वेगळी होती. मूळ माहिती एकदाच, थेट पोलिसांना द्यावी आणि तिथेच थांबावे.

‘थेट मार्कोस भरती’ अशा जाहिरातींना मात्र मुळीच पैसे देऊ नयेत. आमच्या वस्तीतल्या एका मुलाच्या वडिलांनी उसने पैसे काढून अशी फी भरली होती. आधी नौदलात दाखल व्हावे लागते, मग स्वेच्छेने अर्ज करून निवडीच्या कसोट्या पार कराव्या लागतात. बाहेरून आत नेणारा दुसरा रस्ता नाही.

राहता राहिली संशयास्पद बोटीची खबर. परकी बोट परकी दिसेल, अशी समजूत मनातून काढून टाकावी. २६/११ चे अतिरेकी ‘कुबेर’ या पोरबंदरच्या, म्हणजे आपल्याच देशाच्या मासेमारी बोटीतून मुंबईजवळ आले आणि तिथून रबरी बोटीने कफ परेडच्या मच्छीमार वस्तीत उतरले. म्हणून केवळ रंग न पाहता वागणूक पाहावी: जाळे नसलेली बोट, बंदर सोडून भलत्याच जागी उतरणारी माणसे, कोणी सहज विचारले तर चिडून दिलेली उत्तरे. जवळ जाऊन स्वतः चौकशी करू नये. सागरी पोलिसांच्या १०९३ वर, समुद्रात असाल तर तटरक्षक दलाच्या १५५४ वर, आणि काहीच आठवले नाही तर ११२ वर फोन करावा. जागा सांगताना ‘खाडीत’ एवढेच न म्हणता जवळची जेट्टी किंवा पूल, बोटीवरचा ‘आयएनडी’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक, माणसांची संख्या, बोटीच्या तोंडाची दिशा आणि पाहिल्याची वेळ सांगावी, आणि पलीकडचा माणूस सगळे लिहून घेईपर्यंत फोन ठेवू नये.